मागची डावी काच

दौलतकाकांच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी माझ्या पत्रकातली वाक्यं म्हटली. ज्या गाडीची सीट त्यांच्या स्पर्शानंतर धुतली गेली, त्या गाडीत ते मरेपर्यंत बसले नाहीत. विहारात जमलेले लोक माना डोलावत होते. मी मागच्या रांगेत होते. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी नाही म्हटलं, आणि लोकांना वाटलं की पोरीला रडू येईल म्हणून.

रडू येणार नव्हतं. राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. ते पत्रक मी दोन वर्षांपूर्वी जयंतीला लिहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण त्यात दौलतकाका नव्हते. त्यात एक पुतळा होता आणि त्या पुतळ्याचा पाया मी घातला होता. म्हणून हे पुन्हा लिहिते आहे. जमेलच असं नाही.

दिग्रसमध्ये आर्णी रोडवर ट्रॅक्टरच्या दुकानांची रांग संपते तिथे त्यांचं टिनाचं दुकान होतं. गाड्यांची वायरिंग, स्टार्टर, डायनामो आणि काचा. बटण दाबून वरखाली होणाऱ्या काचांचं काम साऱ्या तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला येत नव्हतं. पाटीवर फक्त ‘ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स’ लिहिलेलं, मालकाचं नाव नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नाव लिवलं का लोकं आडनाव इचारतात. आडनाव सांगितलं का मंग गाडी दुसरीकडं नेतात. आता नेत नाहीत, पण पाटी तवाची आहे."

ते नेहमी पांढरा शर्ट घालून काम करत. ग्रीस, काजळी, बॅटरीचं पाणी, सगळ्यात हात, आणि शर्टावर ठिपका नाही. संध्याकाळी लाकडाचा भुसा आणि रॉकेल घेऊन कोपरापर्यंत हात चोळायचे, मग साबण, मग पुन्हा भुसा. पंचफुलाकाकू, त्यांची बायको, म्हणायच्या की यांच्या आंघोळीपेक्षा यांच्या हातालेच जास्त पाणी लागते. शर्टाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. "माहा बाप गावची मेलेली ढोरं ओढे. त्याच्या अंगावर पांढरा कपडा कोणी पाह्यला नाही. म्हणून." मी वही काढली तशी त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "लिवू नोको. शर्ट आहे तो, झेंडा नाही."

आमचं घर त्यांच्या दुकानामागच्या गल्लीत. माझे वडील शिक्षक. घरात पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे चळवळीच्या पत्रकांचे आणि पुस्तिकांचे गठ्ठे. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरंसुद्धा उरलेल्या पत्रकांची असत. त्यामुळे मला जगातली प्रत्येक गोष्ट ठळक अक्षरात दिसायची, आणि काकांना ते ठाऊक होतं. मी दुकानात शिरले की म्हणायचे, "आली का पत्रकवाली. बस. आज कोणाचा निषेध आहे?"

त्यांची काम करायची एक रीत होती. आधी ऐकायचं, मग उघडायचं. एकदा ऐन लग्नसराईत एक वरात त्यांच्या दुकानासमोर अडकली. नवरदेवाच्या गाडीची काच अर्ध्यावर थांबली होती, वर जाईना, खाली येईना, आणि धुळीनं नवरदेव पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. काकांनी सगळ्यात आधी बँड बंद करायला लावला. नवरदेवाचा मामा चिडला. काका म्हणाले, बँड वाजवायचा असन तर वाजवा, मी घरी जातो. बँड थांबला. काकांनी दाराला कान लावला, बटण दाबलं आणि नजर मात्र छतातल्या दिव्यावर ठेवली. दिवा जरासा मंद झाला. "करंट पोचून राह्यला. मोटर जोर लावून राह्यली, पण हलून नाही राह्यली." त्यांनी दाराच्या खालच्या बाजूला, कडीपासून वीतभर अंतरावर, तळहातानं एक थाप मारली. काच कुरकुरत वर गेली. वऱ्हाडी त्यांना जादूगार म्हणाले. काका म्हणाले की दुरुस्त झाली नाही, तिनं फक्त आजच्यापुरतं हो म्हटलं आहे. लग्न लागलं की घेऊन या, मोटरला करंट पोचवणारा आतला कार्बनचा तुकडा घासला आहे. ते आले नाहीत. चालणाऱ्या काचेसाठी कोणीच येत नाही, असं काकांचं म्हणणं होतं.

जुन्या गाडीत मोटर मरत नाही, ग्रीस मरते, हेही त्यांचंच. पन्नास वर्षांत ग्रीसचं मेण होतं आणि मोटरचा बिचारीचा दम निघतो. मग डिझेलनं ते मेण धुवायचं. काचेच्या पन्हाळीतला लोकरीचा फेल्ट सडला तर घोंगडीच्या पट्ट्या कापून बसवायच्या. मोटरचा कार्बन मिळत नसेल तर दुसऱ्या कशाचा तरी घेऊन पॉलिश पेपरवर घासून त्याच मापाचा करायचा. काढलेला प्रत्येक स्क्रू एका पुठ्ठ्यावर, दाराच्या चित्रात, जिथून काढला तिथेच खोचून ठेवायचा. दुसऱ्याच्या भोकात गेला की आटे जातात. हे सगळं मी पाहत असे आणि मनातल्या मनात त्याचे मथळे करत असे. त्यांना ते दिसायचं. "तू वायर पाहून राह्यली का पत्रक लिवून राह्यली?" असं विचारायचे.

आता ती गाडी.

गावात कापसाचं एक जिनिंग होतं. ते चालवणाऱ्या शेठच्या वडिलांनी फार पूर्वी नागपूरच्या कुण्या साहेबाकडून एक लांबलचक अमेरिकन गाडी घेतली होती. दुधावरच्या सायीच्या रंगाची. चारही काचा बटणावर चालणाऱ्या. दिग्रसमध्ये त्या काळी एसटीच्या खिडक्यांना ताडपत्री असायची, आणि लोक जिनिंगच्या फाटकाशी उभे राहून त्या गाडीची काच आपोआप वर जाताना पाहायचे. पुढे उंदरांनी तिची वायरिंग खाल्ली. तेव्हा काका पंचविशीतले. नागपूरला काम शिकून नुकतेच आले होते. शेठनं त्यांना बोलावलं. आठ दिवस ते त्या गाडीच्या पोटात होते. सीटा काढल्या, गालिचा उचलला, सगळी नवी वायर टाकली, सीटा पुन्हा बसवल्या. आठव्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर बसून एकेक बटण दाबलं. चारही काचा चालल्या.

घरी गेल्यावर लक्षात आलं की पक्कड राहिली. ते परत गेले. पोर्चमध्ये गाडीची चारही दारं उघडी होती. गडी बादलीनं सीट धूत होता आणि शेठची बायको, तिला सगळे मोठ्या बाई म्हणत, वाटीतून गोमूत्र शिंपडत होती. तिनं काकांकडे पाहिलं. हात थांबवला नाही. काकांनी पायरीवरची पक्कड उचलली आणि ते निघून आले.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत? ते म्हणाले, "बोललो असतो तर एका दिवसात संपलं असतं."

सहा महिन्यांनी एक काच बंद पडली. शेठचा माणूस बोलवायला आला. काका म्हणाले, गाडीत बसणार नाही. दार पाठवा. माणूस हसला. काका हसले नाहीत. शेठनं आठ दिवस वाट पाहिली, दुसरा माणूस आणून पाहिला, आणि शेवटी दार पाठवायचं कबूल केलं. काकांनी बाहेर उभं राहून ते बिजागरीतून काढलं, वायरीला तिथे एक जोड बसवला, म्हणजे दार केव्हाही सोडता यावं. मग ते दार हातगाडीवर, गोणपाटावर निजवून, बाजारातून, विहारासमोरून त्यांच्या दुकानात आलं.

तेव्हापासून चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही रीत चालली. लोक म्हणायचे, शेठचं दार निघालं. हॉटेलातले लोक उठून पाहायचे. जिनिंगच्या शेठचं दार आमच्या वस्तीत यायचं, काकांच्या दुकानाच्या भिंतीला, आपल्याकडे ज्या दोन फोटोंशिवाय भिंत पुरी होत नाही त्या दोन फोटोंखाली, टेकून उभं राहायचं. दोन दिवसांनी दुरुस्त होऊन परत जायचं. काका ते बाहेर उभं राहूनच बसवायचे. बटण दाबून पाहायचं असलं तरी हात लांब करून, पाय जमिनीवर ठेवून. शेठला कारण माहीत होतं. तो मेला, पण एका शब्दानं बोलला नाही.

काकांना हवं होतं एकच वाक्य. ते त्यांनी मला किती वेळा म्हणून दाखवलं असेल. "बाईनं एकदा म्हणावं, दौलत, माह्यं चुकलं. येवढंच. शेठनं नाही, शेठच्या पोरानं नाही. जिनं केलं तिनं. मी त्याच दिवशी गाडीत बसीन अन् फुकट सगळ्या काचा करून देईन."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते भुशानं हात चोळत होते आणि म्हणाले की आता दार उचलताना कमरेत कळ येते. डोळ्यांनीही कमी दिसतं. "बसून टाकीन कधीतरी. किती दिवस एका म्हातारीसंगं कट्टी धरावं माणसानं?" मी ऐकलं. पण मी जयंतीच्या पत्रकासाठी विषय शोधत होते, आणि मला त्यातलं ‘बसून टाकीन’ ऐकू आलं नाही, फक्त चाळीस वर्षं ऐकू आली. पत्रक निघालं. फोनवरून आर्णी, पुसद, पार यवतमाळपर्यंत गेलं. अनोळखी माणसं दुकानात येऊन काकांचा हात हातात घ्यायला लागली. कोणी सत्कार केला, शाल दिली. काकांनी पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"खरं लिवलं," ते म्हणाले. "पण खरं लिवलं का माणूस अडकून जाते, पोरी."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

मागच्या हिवाळ्यात शेठचा नातू निखिल नागपूरहून आला. जिनिंग केव्हाच बंद पडलं होतं, जागा विकली गेली होती, आणि मोठ्या बाईंना कायमचं नागपूरला न्यायचं होतं. बाई नव्वदीला टेकलेल्या. आठवण जात चाललेली. सुनेला बहीण म्हणायच्या, जेवण झाल्यावर जेवायला मागायच्या. पण रोज दुपारी काठी टेकत पोर्चमध्ये जायच्या, गाडीत मागे डाव्या बाजूला आपल्या जागेवर बसायच्या आणि काचेचं बटण दाबत राहायच्या. काच हलत नव्हती. मग रडकुंडीला यायच्या आणि म्हणायच्या, दौलतले बोलवा. नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं, पण काच बिघडली की दौलत, हे आठवत होतं. नागपूरला जायचं तर याच गाडीतून, असा त्यांनी हट्ट धरला होता.

दार आलं. काकांनी ग्रीस धुतलं, कार्बन पाहिला, टेबलावर बॅटरी लावून काच वीस वेळा वरखाली केली. लोण्यासारखी चालली. दार परत नेऊन बसवलं, तर बंद. पुन्हा आणलं, पुन्हा चाललं, पुन्हा बसवलं, पुन्हा बंद. तेव्हा काकांनी बाहेर उभं राहून बिजागरीजवळच्या जोडाला टेस्टिंगचा बल्ब लावला. निखिल बटण दाबत होता. बल्ब लागला नाही.

"दार चांगलं आहे," काका म्हणाले. "बिघाड आत आहे. गाडीच्या पोटात."

निखिल शहाणा मुलगा. त्यानं माझं पत्रक फोनवर वाचलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, उभ्यानंच म्हणाला की काका, आजीच्या वतीनं मी माफी मागतो. काकांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "तुहा तर बापही तवा शाळेत होता, बाबू. तू कायची माफी मागतं? वापस घे ते." त्याला परत घेता येईना आणि काकांना ठेवून घेता येईना. दोघं चहा पीत बसले.

यवतमाळहून एक मेकॅनिक येऊन गेला. त्याच्याकडे बिघाड शोधायचं मशीन होतं, पण या गाडीला ते लावायला जागाच नव्हती. त्यानं गालिचा उचलून पाहिला आणि परत टाकला. निघण्याच्या आदल्या दिवशी निखिल म्हणाला, मी आत शिरतो, तुम्ही बाहेरून सांगा.

मी उजेडासाठी टॉर्च धरायला गेले होते. फाटकाशी चार-पाच जण उभे होते, ओळखीचेच, फोन हातात घेऊन. दौलतराव बसतात का ते पाहायला आले होते. त्यांना तिथे माझ्या पत्रकानं आणलं होतं, ते मला ठाऊक होतं. मोठ्या बाई मागे आपल्या जागेवर बसलेल्या, अंगावर शाल, अंगठा बटणावर. त्यांना उठवलं की त्या घाबरायच्या, म्हणून बसू दिलं होतं. निखिल पुढच्या सीटखाली डोकं घालून आडवा पडला. जिनिंगवाल्यांचा नातू, गाडीच्या तळाशी, तोंडात धूळ जात असलेला. काका बाहेर उकिडवे बसून त्याला सांगत होते, डावीकडं हात घाल, पट्टीखाली वायरींचा जुडगा लागते.

"काका, जुडगा सापडला. पण सगळ्या वायरी निळ्याच आहेत."

काकांच्या खांद्यांवरून कळलं की ते हसताहेत. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं. पंचवीस वर्षांचे होते, रक्त गरम होतं, आणि शेठच्या गाडीत आठ दिवस एकटे होते. नागपूरहून त्यांनी मुद्दाम एकाच रंगाची वायर आणली. वर सायीचा रंग, आत सगळी निळी. कोणाला कधी कळणार नव्हतं, फक्त त्यांना. "बाईनं सीट धुतली," ते म्हणाले, "पण वायर थोडीच धुता येते?"

इतक्या वर्षांत त्यांनी ही गोष्ट मला सांगितली नव्हती. माझ्या पत्रकापेक्षा भारी पत्रक त्यांनी माझ्या जन्माआधी लिहून त्या गाडीत लपवलं होतं. आणि त्याच पत्रकानं आता सगळ्यांची वाट अडवली होती, कारण कोणती वायर कुठली हे रंगावरून कळायचा मार्गच नव्हता.

त्यांनी तेव्हा प्रत्येक वायरीला दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. मागच्या डाव्या काचेला तीन. त्यांनी निखिलला गाठी चाचपायला सांगितलं. निखिल बराच वेळ चाचपत होता. दोरा नव्हता. कुजला असेल, उंदरांनी नेला असेल. मग काका म्हणाले की बोटात धरून हळूहळू मागे जा, जिथे तुटली तिथे आतली तार कडक लागते. निखिलनं एक ओढली, पुढचा दिवा गेला. दुसरी ओढली, काही झालं नाही. त्याच्या बोटांना काय कळणार? ज्या बोटांना कळलं असतं ती बाहेर, दाराच्या चौकटीवर होती.

मी पाहिलं. काकांचा उजवा हात चौकटीवर होता आणि एक गुडघा उंबरठ्यासारख्या त्या पत्र्याला टेकला होता. अजून वीतभर आत वाकले असते तरी पुरलं असतं. फाटकाशी कोणीतरी फोन वर केला.

तेवढ्यात मोठ्या बाई बोलल्या. आवाज अगदी साधा, घरच्या माणसाला विचारावा तसा.

"दौलत, तू या गाडीत कधी बसलेला मले आठवत नाही. काहून रे बसत नाही तू?"

निखिल सीटखाली होता तसाच थांबला. मी काकांकडे पाहत होते. आत्ता, मला वाटलं. आत्ता सांगतील. सगळ्या गावाला माहीत होतं, यवतमाळपर्यंत माहीत होतं, फक्त जिला सांगायचं होतं तीच विचारत होती. तिच्या तोंडावर लबाडी नव्हती. मी शोधली. नव्हती.

"गुडघे, बाई," काका म्हणाले. "गुडघे वाकत नाहीत आता."

"मंग उशी आणाले सांग न पोराले," बाई म्हणाल्या. "जमिनीवर नोको बसू. गार आहे."

काकांनी चौकटीवरचा हात काढून घेतला.

परत येताना मी त्यांच्याशी भांडले. रस्त्यात, भर बाजारात. तोंडावर सांगायचं होतं, मी म्हटलं, तिला विसरायची सोय कोणी दिली? आपल्याला नाही विसरता येत, मग तिला कसं येतं? ते चालत राहिले. विहाराच्या वळणावर थांबले.

"कोणाले सांगू? जिनं केलं ते बाई आत उरलीच नाही. ही दुसरीच म्हातारी आहे. ही तर मले उशी देऊन राह्यली."

"मग बसायचं होतं."

"कोणाच्या म्हणण्यावर बसू? हिच्या? हिनं कुठं केलं होतं काही?" मग मागे जिनिंगच्या फाटकाच्या दिशेनं मान हलवली. "अन् त्याईनं फोटो काढला असता. दौलत हरला म्हणून."

याचं उत्तर माळ्यावरच्या एकाही गठ्ठ्यात नव्हतं. मी सगळी उत्तरं असलेल्या घरात वाढले आहे.

संध्याकाळी ते पुन्हा एकदा जिनिंगवर गेले. नवी वायर टाकायची तरी आतूनच टाकावी लागणार होती, आणि सकाळी निघायचं होतं. त्यांनी निखिलला सांगितलं की दाराच्या जोडाला थेट बॅटरी लावून काच एकदा खाली करून देता येईल, पण मग ती वाटेत वर जाणार नाही. उघडी ठेवली तर बंद होणार नाही, बंद ठेवली तर उघडणार नाही. काय ते ठरवून सांग. डिसेंबरची सकाळ, आजीची छाती, नागपूरपर्यंतचा रस्ता. निखिल म्हणाला, बंदच राहू द्या. काकांनी बॅटरी उचलून पिशवीत ठेवली. आणखी काय करता आलं असतं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात होते. नुकतंच शटर वर केलेलं. कापसाच्या गाड्या बाजाराकडे निघाल्या होत्या, रस्ता भरलेला. त्यात ती सायीच्या रंगाची लांब गाडी आली. चारही काचा बंद. पुढे कापूस भरलेला टेम्पो होता म्हणून ती चालत्या माणसाच्या वेगानं सरकत होती. निखिलची नजर टेम्पोवर. मोठ्या बाई मागे, डाव्या बाजूला, म्हणजे आमच्याच बाजूला.

त्यांनी काकांना पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. काल पोर्चमध्ये जो होता तो हा चेहरा नव्हता. त्या पुढे झुकल्या, अंगठा बटणावर ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. काच जागची हलली नाही. मग त्या बोलायला लागल्या. एखाद-दुसरा शब्द नाही, लांब काहीतरी, काकांकडे सरळ बघत, मध्ये एकदा थांबून, पुन्हा. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरत होती. काका दुकानाच्या पायरीवरून उतरले आणि गाडीबरोबर चालायला लागले. चार पावलं, पाच पावलं. टेम्पोचा भोंगा, ट्रॅक्टर, कुणाची तरी शिवी. त्यांनी हात वर केला, काचेला लावायला असेल, लावला नाही. पुढे टेम्पो वळला, रस्ता मोकळा झाला आणि निखिलनं वेग घेतला.

मी नंतर निखिलला फोन केला होता. त्याला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं नागपूरला आजीला विचारलं, तर आजीनं विचारलं, कोण दौलत? हे मी काकांना सांगितलं नाही. उन्हाळ्यात काका गेले.

पण त्या सकाळी ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, पांढऱ्या शर्टात, आणि दोन्ही बाजूंनी कापसाच्या गाड्या जात होत्या. मी त्यांना हाताला धरून कडेला आणलं.

"काय म्हटलं तिनं?" त्यांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं. पंचेचाळीस वर्षांपासून तयार होतं, आणि मी ते किती वेळा ऐकलं होतं. तीन शब्द. मी तोंड उघडलंसुद्धा.

"ऐकू नाही आलं, काका."

"तू तर जवळ होती."

"ऐकू नाही आलं."

ते गाडी गेली त्या दिशेला बघत राहिले. नंतर मान हलवली, जशी गिऱ्हाईकाला काम होणार नाही हे सांगताना हलवायचे.

"काच जाड आहे तिची," ते म्हणाले. "जुन्या गाडीची काच लय जाड राह्यते."